काळोखाचा भाडेकरू

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर दर वर्षा-दीड वर्षाला घर बदलायचे, आणि प्रत्येक वेळी कारण एकच असायचं. उजेड.

मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा ते उस्मानपुऱ्यात राहत होते, शाळेच्या अगदी मागच्या गल्लीत. समोर कापडाचं मोठं दुकान झालं, त्याच्या पाटीचे लाल-निळे दिवे गच्चीवर पडायला लागले, तसे सर छावणीत गेले. तिथं लष्कराच्या हद्दीमुळं झाडी होती, मोकळी मैदानं होती, उजेड बेताचा होता. सर खूश होते. मग मागच्या अंगाला एक मंगल कार्यालय उभं राहिलं आणि लग्नसराईत त्याच्या छतावरून आभाळात गरगर फिरणारे झोत निघायला लागले. सरांनी सामान बांधलं. छावणीतून पडेगावच्या बाजूला. तिथंही एकदा घर झालं, मग दुसरं.

"शहर माझ्या मागं लागलंय म्याडम," ते म्हणायचे. "मी पुढं, ते मागं. दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत पळवत नेतंय बघा मला."

घर बघायला गेले की लोक नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात. सर दिवेलागणीनंतर घर बघायला जायचे, थेट गच्चीवर चढायचे आणि चारी दिशांना मान फिरवून खाली यायचे. छावणीतल्या घरमालक चाचांनी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मास्टर, लोगां मकान में हवा देखते, पानी देखते. तुम अंधेरा देखते. चोर हो क्या?"

"नहीं चाचा, ड्रॉइंग टीचर हूं."

"वो तो और भी मुश्किल," चाचा म्हणाले होते, आणि घर दिलं होतं.

सामान फार नसायचं. एक लोखंडी कॉट, गॅसची शेगडी, रंगांचे डबे, कागदांच्या गुंडाळ्या, आणि टॉवेलात बाळासारखी गुंडाळलेली एक दुर्बीण. लग्न केलेलं नव्हतं. टेम्पोत सामान चढवायला आम्ही शाळेतले दोघं-तिघं जायचो. सर मात्र सामानाला हात लावण्याआधी जुन्या घराच्या गच्चीवर जाऊन यायचे. काय करत होतात विचारलं तर म्हणायचे, "काय नाय. हिथनं काय काय दिसलं त्येवढं आठवून आलो."

सरांना बसता यायचं नाही. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, तिच्यावर त्यांची शबनम पिशवी बसायची. चहा हातात घेऊन खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत. मुख्याध्यापिकांच्या मीटिंगमध्ये ते दाराशी उभे असायचे. "बसलं की मला मुंग्या येतात," म्हणायचे. मुलांची चित्रं तपासायचे तीसुद्धा उभ्यानं, बाकांमधून भराभर फिरत, एखाद्या कागदावर थबकून, पुन्हा मागं येऊन. आणि बोलताना तुमच्या डोळ्यांत न बघता कानाच्या बाजूला कुठंतरी बघायचे. नव्या माणसाला वाटायचं, ह्यांचं आपल्याकडं लक्ष नाही. पण वर्षभरानंसुद्धा ते तुम्ही घातलेल्या साडीचा रंग अचूक सांगायचे.

हे ताऱ्यांचं खूळ त्यांना लहानपणापासूनचं नव्हतं. पंचेचाळिशी उलटल्यावर लागलं. सहावीच्या वर्गाला त्यांनी 'रात्रीचं दृश्य' काढायला दिलं होतं. घर, झाड, चंद्र. एका मुलीनं विचारलं, "सर, चंद्राच्या बाजूला कोणता तारा काढू?"

"कोणताबी काढ."

"कोणताबी कसा काढू? प्रत्येकाची जागा असंल ना?"

सर सांगायचे, "म्याडम, वीस वर्षं मी पोरांना सांगायलोय, जे दिसतं ते काढा, मनानं काढू नका. आणि मला सोताला एक तारा माहीत नव्हता. त्या रात्री गच्चीवर गेलो. वर बघितलं तर नुसता पसारा. कुणी राईची पिशवी सांडल्यावानी. मला लई राग आला."

राग आला म्हणून माणूस शिकायला लागला, हे मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. गुलमंडीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी आकाशाचे नकाशे आणले. सरांच्या घरी मेंढरं होती, वैजापूरकडं, म्हणून शाळेत सगळ्यांना वाटायचं की तारे त्यांना वडिलांनी शिकवले असणार. रानात रात्री काढणारी माणसं, त्यांना आभाळ पाठ असतं, वगैरे. एकदा पर्यवेक्षकांनी तसं कौतुकानं म्हटलं, तर सर उखडले.

"कुणी सांगितलं तुम्हाला? माझ्या बापाला एक चांदणी माहीत नव्हती. दिवसभर मेंढरामागं पळून माणूस सांजच्याला आडवा व्हायचा. एक शुक्र तेवढा वळखायचा, तेबी शिव्या द्यायला. तो उगवला की उठावं लागायचं ना!"

मोबाईल आकाशाकडं धरला की नावं दिसतात, हे आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी त्यांना दाखवलं होतं. सरांनी मोबाईल हळूच खाली केला. "पाव्हणा घरी आल्यावर त्याचं तोंड बघायचं का आधार कार्ड?"

त्यांच्या शिकण्यात चुका भरपूर असायच्या, आणि चूक कळली की त्यांना धीर धरवत नसे. एका हिवाळ्यात त्यांनी आम्हा सगळ्यांना शाळेच्या गच्चीवरून रोहिणी दाखवली. केवढी ठळक, केवढी तेजस्वी! आम्ही माना डोलावल्या. पंधराएक दिवसांनी मी आठवीला कविता शिकवत होते. दार उघडून सर आत आले. चाळीस मुलांसमोर म्हणाले, "म्याडम, ती रोहिणी नव्हती. गुरू होता. रोहिणी त्याच्या बाजूला, तांबूस, बारकी. लुकलुकत नव्हता तवाच मला कळायला पायजे होतं. चुकलो." आणि गेले. तसेच ते शिपाई काकांकडं गेले, ऑफिसमधल्या क्लार्ककडं गेले, सुट्टी घेतलेल्या एका मॅडमना त्यांनी फोन केला. ज्याला ज्याला गुरू रोहिणी म्हणून दाखवला होता, त्या प्रत्येकाला गाठून त्यांनी रोहिणी परत जागेवर ठेवली.

मला त्यांनी शिकवलं ते जानेवारीत, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या दिवसांत. पडदे रंगवता रंगवता अंधार पडायचा. सर ब्रश टाकून म्हणायचे, "चला, दोन मिंटं." गच्चीवर पूर्वेला मृग वर आलेला असायचा. हरणाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि बाणाच्या रेषेत खाली सरकत गेलं की बाण मारणारा व्याध, निळसर पांढरा. ती रेष दुसऱ्या बाजूला वर नेली की रोहिणी. तिच्या पुढं कृत्तिकांचा पुंजका. आभाळात अशा वाटा आहेत हे मला माहीतच नव्हतं. एक तारा सापडला की तो पुढच्याचा पत्ता सांगतो.

"आता बाणाच्या खाली बघा. बारके तीन आहेत. त्यातला मधला नीट बघा."

मी डोळे ताणून बघितलं. "काही नाही हो सर."

"रोखून बघू नका. त्याच्या बाजूला बघा, तिरकं. फिकट वस्तू सरळ डोळ्याला दिसत नाय, डोळ्याच्या कडेला दिसती."

मी नजर जरा बाजूला नेली, आणि तिथं धुकटसं काहीतरी उमटलं. श्वास काचेवर पडल्यासारखं. सरळ बघितलं की विरून जायचं.

"तारा नाय तो," सर माझ्या मागं येरझाऱ्या घालत म्हणाले. "ढग आहे. तारे जन्मतेत त्याच्यात." त्यांचा आवाज असा होता की जणू तिथलं बाळंतपण अडलंय आणि ह्यांना पोचायला उशीर होतोय.

त्यानंतर माझंही बिघडलं. दोन इमारतींमधली फट दिसली की मान वर जायची. स्कूटीवरून घरी येताना एकदा व्याध बघण्याच्या नादात मी फळांच्या गाड्याला धडकता धडकता वाचले. नवरा म्हणाला, "सरांचा रोग लागला तुला." रोगच होता तो. घरात सगळं व्यवस्थित असताना संध्याकाळ झाली की आपण कुठंतरी असायला हवं होतं आणि तिथं नाही, असं वाटायचं.

पडेगावकडचं त्यांचं दुसरं घर एका नव्या वसाहतीच्या टोकाला होतं. पुढं मोकळे प्लॉट, बाभळी, मग टेकड्या. तिथं सर दोन पावसाळे टिकले. मग दिवाळीच्या सुमाराला गल्लीत नवे दिवे लागले. त्यातला एक खांब नेमका त्यांच्या गच्चीच्या कठड्याला लागून. पांढरा फटफटीत उजेड, दुधासारखा गच्चीभर. सरांनी महापालिकेत अर्ज केला. दिवा काढा म्हणून अर्ज करणारा माणूस त्या ऑफिसात पहिल्यांदाच आला असावा. अर्ज घेणारा म्हणाला, "साहेब, लोक दिवा लावा म्हणून पाया पडतेत."

मग एका दुपारी सरांनी शाळेच्या कपाटातला फळा रंगवायचा काळा रंग नेला, बांबूच्या टोकाला ब्रश बांधला, आणि गच्चीवरून दिव्याची काच रंगवली. त्यांना फक्त गच्चीकडची अर्धी बाजू काळी करायची होती. पण इतक्या खालून, हलत्या बांबूनं, कुठली अर्धी? रंग ओघळला. सगळी काच काळी झाली.

गल्लीला वाटलं दिवा उडाला. तक्रार गेली, कुणी आलं नाही. सर गप्प राहिले.

आणि त्या काळोखात त्यांना देवयानी दिसली. म्हणजे देवयानीतली दीर्घिका. दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, स्वतःच्या घराच्या गच्चीवरून. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच ते मला दारात भेटले. डोळे लाल. "शर्मिष्ठेवरनं गेलो म्याडम, तिच्या टोकावरनं खाली. तिथंच होती. पंचवीस लाख वर्षं चालत आलेला उजेड माझ्या डोळ्यात शिरला!" काळ्या रंगाचं त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही.

त्या गल्लीत पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणून ठेवलेला होता. त्यांच्या घरापासून चार घरं सोडून एक सिस्टर राहायच्या, एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या. चाळिशीच्या, एकट्या. मूळच्या गंगापूरकडच्या. ड्युटी संपवून संध्याकाळी चालत यायच्या. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, सरांच्या घरासमोर, त्यांचा पाय चरात गेला.

ओरडणं ऐकून पहिले धावले ते सरच. त्यांनीच त्यांना वर काढलं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, त्यांच्या भावाला गावाकडं फोन केला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. आत धातूची पट्टी घालावी लागली. ज्या हातानं त्या लोकांना सलाइन लावायच्या, तो हात.

पुढचे तीन-चार दिवस सर शाळेत आले, आणि पहिल्यांदा मी त्यांना स्टाफरूममधल्या खुर्चीवर बसलेलं बघितलं. शबनम मांडीवर. चहा समोर, तसाच. मला ते बघवेना. मी विचारलं, "सर, बरं नाही का?"

"म्याडम, त्या बाईंचा भाऊ काल डब्यातनं लाडू घेऊन आला होता. माझ्या पाया पडायला लागला. म्हणला, तुम्ही नसता तर माझी बहीण रातभर चरात पडली असती." त्यांनी माझ्याकडं बघितलं. सरळ, डोळ्यांत. "दिवा मी काळा केलाय."

मी उठून स्टाफरूमचं दार लोटून घेतलं.

"आज संध्याकाळी सांगायला जायलोय. तुम्ही संगं या. मी मधूनच पळून येईन नायतर."

सिस्टरांच्या घरी त्या कॉटवर बसलेल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला. भाऊ, ज्यांना त्या दादा म्हणायच्या, चहा करत होते. उंच, राकट शेतकरी माणूस, पण बहिणीच्या परक्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधताना बावरलेला. आम्हाला बघून दोघांचे चेहरे फुलले. "या सर, बसा. म्याडम, या."

सर बसले नाहीत. "तो खांबावरचा दिवा उडाला नव्हता. मी काळा रंग मारला होता त्याला. मला चांदण्या बघायच्या होत्या म्हणून. तुम्ही पडला ते माझ्यामुळं."

गॅसवर चहा उतू जायला लागला. दादांनी गॅस बंद केला, सावकाश बाहेर आले आणि सरांची कॉलर धरली. "चांदण्या? चांदण्यापायी?"

"दादा, सोड," सिस्टर म्हणाल्या.

"हात गेला तुझा! आन हा माणूस लाडू खाऊन बसला माझ्या हातचे!"

"नाय खाल्ले," सर म्हणाले. "तसेच ठिवलेत."

"दादा, सोड म्हणते ना." सिस्टरांचा आवाज चढला नव्हता, पण दादांनी हात काढला. मग त्या सरांना म्हणाल्या, "तुमच्या नावानं परवा मी देवाला नमस्कार केला, सर. एका हातानं. दुसरा जोडता येत नव्हता." आणि तोंड फिरवलं. "जावा आता तुम्ही. मला काही बोलायचं नाय."

रस्त्यावर आल्यावर मी रिक्षा थांबवली तर सर नको म्हणाले.

पुढचा रविवार. भर दुपारी सरांनी शिडी आणली, खांबाला लावली, आणि पत्र्यानं खरवडून तो रंग काढायला लागले. गल्ली गोळा झाली. जो विचारील त्याला वरूनच सांगत होते, "मीच मारला होता." बायका काय काय बोलल्या ते सांगण्यासारखं नाही, आणि त्यांचं चूकही नव्हतं. रात्री ट्यूशनवरून येणाऱ्या त्यांच्या मुली होत्या. घरमालकानं त्याच संध्याकाळी घर सोडायला सांगितलं.

आणि जो माणूस उजेडाची एक तिरीप पडली की टेम्पो बोलवायचा, त्यानं हात जोडले. "घालवू नका. त्यांचा हात बरा होईपर्यंत तरी राहू द्या." का कोण जाणे, मालकानं ठेवून घेतलं.

सरांनी तो चर स्वतः बुजवला. फुटक्या विटा, मुरूम, डोक्यावर घमेलं. दुसऱ्या टोकाचा बुजवता येण्यासारखा नव्हता, तिथं दगड लावून त्यांना पांढरा रंग दिला. सिस्टरांच्या दाराशी भाजी ठेवून यायचे, ती दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराशी परत ठेवलेली असायची. त्या हिवाळ्यात आम्ही गच्चीवर गेलो नाही. मृग आला असेल, गेला असेल. मी एकदा नुसतं "सर, आज आभाळ स्वच्छ आहे" म्हणाले, तर ते म्हणाले, "असंल."

होळीच्या सुमारास सिस्टर पुन्हा ड्युटीवर जायला लागल्या. मनगट पूर्ण वळत नव्हतं, आजही वळत नाही. सुई त्या डाव्या हातानं लावायला शिकल्या. दवाखान्यानं त्यांना ठेवलं हे त्यांचं नशीब, आणि त्यांची जिद्द. त्या संध्याकाळी परत यायच्या वेळी सर कोपऱ्यावर बॅटरी घेऊन उभे राहायचे. दिवा आता चांगला लख्ख होता, बॅटरीची काही गरज नव्हती. सिस्टर न बघता पुढं जायच्या, सर अंतर ठेवून मागं. रोज. शेवटी एक दिवस त्या वळल्या.

"मागं मागं काय येता सर, लोकं हसायलेत. संगं चला."

चालता चालता, ते सरांनीच मला सांगितलं, सिस्टरांनी विचारलं, "असं काय आहे वर, की त्याच्यापायी खाली अंधार करावा वाटला?"

सरांनी वर बोट केलं, तर दिव्याच्या उजेडात वर काही नव्हतंच.

"आमच्या शेतात चला," सिस्टर म्हणाल्या. "मे महिन्यात मी सुट्टी घेणार आहे. तिथं घरापुढं डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाय इतका अंधार असतो. दाखवा मला. त्या म्याडमनाबी आणा, मला एकटीला तुमचं बोलणं कळायचं नाय."

"आणि दादा?"

"दादाला मी सांगते."

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. गंगापूरपर्यंत एसटी, पुढं जीप. जीपमध्ये बसायला जागा असताना सर मागं लटकून उभे. वारा तोंडावर घेत ओरडून सांगत होते. ते मला बरं वाटलं, कित्येक महिन्यांनी ते असे ओरडत होते. यंदा त्यांना त्रिशंकू बघायचा होता. पतंगासारखे चार तारे, दक्षिणेला अगदी जमिनीलगत. आपल्याकडून उन्हाळ्यात थोडे दिवस, थोडा वेळच दिसतात, तेही खालची हवा स्वच्छ असली तर. शहरातून ती बाजू कारखान्यांच्या आणि रस्त्यांच्या उजेडानं पार धुऊन गेलेली. दोन उन्हाळे त्यांनी टेकड्यांवर जाऊन बघितलं होतं. दोन्ही वेळा नुसती लालसर धूळ.

"ह्या वर्षी नाय दिसला तर?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी डोळे हायेत का कोणाला ठाऊक! एका डोळ्यात मोतीबिंदू धरायलाय म्हणतेत." आणि जीपच्या टपावर ठेका धरला.

शेतात पोचलो तेव्हा दादा ओसरीवर होते. त्यांनी मला नमस्कार केला. सरांना म्हणाले, "पाणी घ्या." एवढंच. जेवायला वहिनींनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याची भाजी केली होती. सर आणि दादा समोरासमोर बसले होते आणि दोघंही ताटाशी बोलत असल्यासारखे खाली बघून जेवत होते.

जेवणं झाली आणि आम्ही अंगणात आलो. सिस्टर खोटं बोलल्या नव्हत्या. इतका काळोख मी पहिल्यांदाच बघितला, आणि इतके तारे. मला ओळखीचा एकही सापडेना. सरांनी सप्तर्षीच्या दांड्यावरून स्वाती काढून दिली, तिथून चित्रा. "आता चित्रावरनं सरळ खाली, दक्षिणेला. अजून जरा वर यायचाय तो. डावीकडं दोन ठळक तारे निघतील, ते त्याच्याकडं बोट दाखवतेत."

तेवढ्यात लाइट आली. शेताची लाइट, मोटारीची. विहिरीवरचा मोठा बल्ब भक्कन पेटला आणि अर्धं आभाळ पुसलं गेलं. मोटार घरघरायला लागली. मी सरांकडं बघितलं. सिस्टरही बघत होत्या. दादा अंगणाच्या कडेला खोऱ्या हातात घेऊन थांबले होते, आणि ते तर नीट टक लावून बघत होते.

सर म्हणाले, "चला, बाज गोठ्याच्या पल्याड नेऊ. उजेडाला पाठ करून बसलं की झालं."

बाज उचलली, मागं नेली. सरांनी दुर्बीण सिस्टरांच्या डाव्या हातात दिली, दिशा दाखवली. दादा उसाला पाणी द्यायला निघाले. पाण्याची दारं धरायला रोज येणारा गडी लग्नाला गेला होता, त्यामुळं ते एकटेच. त्यांची बॅटरी उसाच्या दिशेनं हलत जाताना दिसत होती. एकदा ती खाली पडली, विझली, पुन्हा लागली. सर उभे राहिले. आभाळाकडं बघितलं, उसाकडं बघितलं.

"एका हातानं बॅटरी धरून दुसऱ्यानं खोऱ्या कसा चालंल," ते म्हणाले. "उसात जनावरं असतेत." जनावर म्हणजे साप.

"सर, आता वर येईल तो," मी म्हणाले. "दहा मिनिटं थांबा."

"पाणी थांबतं का?" आणि चपला हातात घेऊन ते निघालेसुद्धा.

लांबून दादांचा आवाज आला. "तुम्ही कशाला आले? ज्याच्यासाठी आलात ते बघा की जाऊन!" सरांचं उत्तर ऐकू आलं नाही. मग दोघांचं बोलणं उसात शिरलं, आणि एकच उजेड, पण आता स्थिर, सरीमागून सरी पुढं सरकत राहिला.

आम्ही दोघी बाजेवर बसून राहिलो. सिस्टर दुर्बीण धरून खाली खाली बघत होत्या, हात भरून आला की तो बदलायचा प्रयत्न करत, मग पुन्हा डाव्याच हातानं. वारा पडला होता. पहिल्यांदा मला वाटलं भास आहे. बांधावरच्या बाभळीच्या जरा वर एक तारा, त्याच्या वर एक, मग बाजूचे दोन.

"चार!" सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "म्याडम, चार आहेत! पतंगच आहे!" आणि उसाकडं तोंड करून ओरडल्या, "सर! या लवकर! त्रिशंकू! चारी दिसायलेत!"

मोटारीच्या आवाजातून, उसाच्या आतून, सरांचा आवाज आला. "बघा, बघा! मलाबी हितून दिसायलाय! लई झकास! तुम्ही बघा!"

ऊस दोन पुरुष उंच होता. त्याच्यात उभ्या माणसाला डोक्यावरची आभाळाची एक चिंधी दिसते. जमिनीलगतचं काही दिसत नाही. मला ते कळलं, आणि सिस्टर तर त्याच उसात वाढलेल्या.

"खोटं बोलायलेत," त्या हळूच म्हणाल्या. मग तोंडापुढं हात धरून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडल्या, "व्हय सर! बघायलोय आम्ही!"